तीनदा सांगायची सवय

डॉक्टरांनी गळ्याला बोटं लावून "गिळा बरं" म्हटलं आणि मग पुढे काहीच न बोलता लिहायला घेतलं, असं ज्यांच्या बाबतीत नुकतंच घडलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मला ते इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं की ते ऐकूनच धडकी भरायची.

मी करुणा. उदगीरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. चौकशीच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या, "जळकोट गाडी लागली का हो?" याला दिवसातून शंभरदा उत्तर द्यायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे माझं काम. जळकोट, चाकूर, देगलूर, नांदेड, लातूर. गाडी दोनदा पुकारायची असते. मी तीनदा पुकारायची. दोनदा पुकारून झालं की मनात यायचं, तिकडे नळावर कुणी म्हातारी पाणी पीत असेल, तिला ऐकू गेलं नसेल, तिची गाडी चुकेल. मग पुन्हा बटण दाबायची.

घरीही माझं असंच. गॅस बंद केला का, हे तीनदा. लेक प्रेरणा लातूरला शिकवणीसाठी राहते, तिला जेवलीस का, हे तीनदा. आणि प्रार्थनेतही तेच. एखादी गोष्ट देवाला एकदा सांगून माझं समाधान व्हायचं नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, शेजारी गुडघे टेकून बसलेल्या असायच्या. एकदा त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "करुणे, देव काय बहिरा हाय का? की त्याची गाडी चुकायली?"

मी हसले, पण सवय काही सुटली नाही.

०००

सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येणार नाही, कारण सुरुवातीला ते सगळं माझ्या स्वभावातच खपून गेलं. हात थरथरायचे. छातीत धडधडायचं, अगदी बसल्या जागी. थंडीच्या दिवसांत मी पंखा लावायची आणि घरातले स्वेटर घालून माझ्याकडे बघत बसायचे. खायची दुप्पट आणि अंगावरचे कपडे ढगळ व्हायला लागलेले. एका जागी बसवत नव्हतं. भांडी घासून झाली की तीच पुन्हा घासायची.

सगळ्यांचं निदान एकच होतं. करुणा काळजी फार करते. चर्चच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत बायका मायेनंच म्हणायच्या, विश्वास कमी पडतोय गं तुझा, लेकीला प्रभूच्या हाती दे की. मलाही ते पटायचं. मी त्यांच्यासमोर उभी राहून कबूलही केलं की मी फार काळजी करते, हे पाप आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. त्यांनी केली. मी घरी आले आणि धडधड दुसऱ्या दिवशी जास्त झाली. आता त्यात आणखी एक भर पडली, की माझी प्रार्थना ऐकली जात नाही. विश्वास नसल्याचीच काळजी करणारी बाई दुसरी कुणी असेल तर तिला मला भेटायचं आहे.

गायकवाडताई माझ्यासोबत खिडकीत काम करतात. त्या बौद्ध आहेत. नाताळला त्या माझी ड्यूटी करतात आणि चौदा एप्रिलला मी त्यांची. त्यांना माझ्या विश्वासाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच बहुतेक त्यांना माझा गळा दिसला. एक दिवस चहा पिताना कप खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, तुमचा गळा आरशात बघा जरा. सुजल्यावानी दिसायलाय. लातूरला दाखवा."

लातूरला जायला मी लगेच तयार झाले. खरं सांगायचं तर गळ्यासाठी नाही, प्रेरणाला भेटायला मिळेल म्हणून.

०००

लातूरच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. गळा तपासला, माझे हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला. कागद पानासारखा हलत होता. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जोरात काम करत होती. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, म्हणाले, मी मुळातच काळजीखोर आहे, म्हणून हे झालं असेल.

त्या म्हणाल्या, "काळजीमुळे हे झालेलं नाही. तुमची बरीचशी काळजी याच्यामुळे आहे."

माझ्या नवऱ्याला, शमुवेलला, हे ऐकून बरं वाटलं असावं. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो, कारण सापडलं की त्याला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. मला मात्र दवाखान्याच्या जिन्यात रडू आलं. इतके महिने मी गळ्यातल्या एका ग्रंथीसाठी देवाची क्षमा मागत होते. शमुवेलनं रुमाल काढून पुढे केला.

गोळ्या सुरू झाल्या. किमान दीड वर्ष घ्याव्या लागतील, मधे सोडायच्या नाहीत, हे डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. आत्याबाईंनी गोळ्यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्या जेवणाआधी करतात तशी गोळीवरही प्रार्थना करायच्या. गोळी तळहातावर ठेवायची, डोळे मिटायचे, "प्रभू, ही दिलीस, उपकार हायेत, आमेन," आणि मग पाणी. मला हसू यायचं. पण तीन महिन्यांत हात थांबले. एका जागी बसून मी एक अख्खा कप चहा गरम असताना प्यायले, तो दिवस माझ्या लक्षात आहे.

०००

आता माझी चूक सांगते. हे लिहायला बसले ते मुख्यतः याच्यासाठी.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्ष देतात. देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं. त्या रविवारी मी उभी राहिले. माइक हातात आला की मला संकोच वाटत नाही, तो माझा रोजचा. मी म्हणाले, मी माझी सगळी काळजी प्रभूच्या पायाशी ठेवली आणि त्यानं मला शांती दिली. सगळीकडून आमेन आलं. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचेही डोळे भरले. गोळ्यांचं मी बोलले नाही. लपवायचं नव्हतं, पण साक्षीत गोळी बसत नव्हती. वाक्य बिघडलं असतं.

घरी आले. आत्याबाईंनी गोळी तळहातावर ठेवली आणि मला वाटलं, आत्ताच मी चारचौघांत सांगून आले की काळजी टाकली. मग ही काय आहे? ही तर काळजीच आहे, गोल आणि पांढरी. आत्याबाई पाणी आणायला वळल्या आणि मी गोळी मुठीत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना म्हणाले, आता गोळी मीच ड्यूटीवर घेत जाईन.

पाळकसाहेबांनी किंवा मंडळीतल्या कुणीही गोळ्या सोड असं मला कधी सांगितलं नव्हतं, हे आवर्जून लिहिते. माझं मीच ठरवलं. त्याला मी विश्वास म्हणत होते. आज विचारलं तर म्हणेन, दिलेल्या साक्षीची अब्रू सांभाळत होते. गोळ्यांची पाकिटं कपाटात लुगड्यांच्या खाली जात होती. शमुवेलनं विचारलं की घेतली का, तर मी हो म्हणायची. आमच्या एकोणीस वर्षांच्या संसारात त्याच्याशी इतकं सलग खोटं मी कधी बोलले नव्हते.

दीड-दोन महिने काही झालं नाही. मग हात पुन्हा हलायला लागले. मी ते टेबलाखाली ठेवायला लागले. गळाही वाढला, रात्री कुशीवर झोपलं की श्वास अडायचा. तरी मी म्हणत होते, ही परीक्षा आहे. एका सकाळी देगलूर गाडी पुकारताना पहिल्यांदा नीट बोलले, दुसऱ्यांदा "फलाट क्रमांक" इथपर्यंत आले आणि पुढचा श्वासच येईना. छातीत इंजिन सुरू झाल्यासारखं झालं. गायकवाडताईंनी मला धरलं, पण माझं बोट बटणावर दाबलेलंच होतं. माइक चालूच होता, त्यामुळे त्यांचं "अहो कुणीतरी गाडी आणा" हे सगळ्या स्टँडनं ऐकलं.

०००

नांदेडला दाखल केलं. वॉर्डात सकाळ फार लवकर व्हायची. आधी फरशी पुसणाऱ्या मावशी, मग ताप बघणारी सिस्टर, मग रक्त घेणारा, मग डॉक्टरांचा घोळका. या सगळ्यांच्या मधे मी पलंगावर बसून पायानं लोखंडी दांड्यावर ठेका धरायची. शेजारच्या पलंगावर धर्माबादच्या एक काकू होत्या, त्या म्हणायच्या, बाई, पाय थांबवा हो, माझा पलंग हलायलाय.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई एकट्या बसनं आल्या. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता हातात. मला वाटलं खायला काही आणलं. झाकण काढलं तर आत गोळ्यांची पाकिटं. कपाट आवरताना त्यांना सापडली होती. शमुवेल तिथंच होता. त्यानं पाकिटं बघितली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तिकडेच बघत तो म्हणाला, "देवाला सांगितलंस. मंडळीला सांगितलंस. मला न्हाई सांगितलंस."

तो खाली चहा प्यायला गेला आणि तास झाला तरी वर आला नाही. मी आत्याबाईंना समजवायला लागले, की सगळेच म्हणतात काळजी करू नका, काळजी टाकून द्या, म्हणून मी टाकली.

आत्याबाई डबा बंद करत म्हणाल्या, "काळजी करू नको म्हन्लंय. काळजी घेऊ नको, असं कुठं म्हन्लंय?"

त्या शाळेत चौथीपर्यंत गेल्या आहेत. मी माइकवर शुद्ध मराठी बोलायचा पगार घेते. आणि करणं आणि घेणं यातला फरक मला पलंगावर पडून कळला.

०००

गळ्यातल्या वाढलेल्या ग्रंथीची गाठ आता श्वासनलिकेवर दाब देत होती. गोळ्यांनी धडधड आटोक्यात आणायची आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. सर्जन शांत माणूस होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की आवाजाची नस गाठीच्या अगदी मागून जाते. आम्ही जपून करू, पण कधीकधी तिला धक्का लागतो, आवाज बसतो, क्वचित कायमचा. तसं समजून सही करावी लागेल.

मी विचारलं, मी बसस्टँडवर माइकवर असते, हे तुम्हाला सांगितलं होतं ना? ते हो म्हणाले. थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा शमुवेलनं माझ्या हातावर हात ठेवला. तो अजून माझ्यावर रागावलेलाच होता, पण हात ठेवला.

त्या आठवड्यात मला मरणाची भीती वाटली नाही. आवाजाची वाटली. सोळा वर्षं मी त्या आवाजानं लोकांना गाडीत बसवलं होतं. प्रेरणाला त्यानंच हाका मारल्या होत्या. आणि हेही खरं, की मला माझा आवाज आवडायचा. मी देवाशी सौदे करायला लागले. वजन परत नको, झोप नको, फक्त एवढं ठेव. सकाळी, दुपारी, लिफ्टच्या रांगेत उभी असताना, तेच तेच. सांगून झालं की वाटायचं नीट पोचलं नाही, पुन्हा सांगावं.

ऑपरेशनच्या सकाळी आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मोठ्या प्रार्थनेची वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "प्रभू, ही तुझी हाय. आमेन." झालं. स्ट्रेचर हलायला लागलं.

मी म्हणाले, "आत्या, आवाजाचं राहिलं."

"त्याला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

आत थंडी होती. भूल देणाऱ्या बाईंनी हाताच्या शिरेत काहीतरी सोडलं. मी घाईघाईनं मनात आवाजाचं मागणं म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला घेतलं आणि "प्रभू" एवढंच झालं. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

०००

शुद्धीवर आले तेव्हा सिस्टरनं नाव विचारलं. मी सांगितलं आणि तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा सांगितलं. पुन्हा हवा. सिस्टर म्हणाली, असू द्या, सुरुवातीला होतं असं. तिच्या चेहऱ्याकडे मी इतक्या बारकाईनं बघितलं की ती गोंधळली.

चौथ्या दिवशी दुर्बिणीनं बघून सर्जननी सांगितलं की नस तुटलेली नाही, पण स्वरयंत्राचा एका बाजूचा पडदा हलत नाही. काही महिन्यांत हलेल, कदाचित हलणार नाही. आता फक्त वाट बघायची. वाट बघणं हे माझ्यासारख्या बाईला सांगायचं औषध नव्हे.

घरी वही घेऊन बसायची. गॅस बंद केला का, हे लिहून दाखवायला कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळलं. एकदा लिहायची आणि सोडून द्यायची. प्रेरणा फोनवर बोलायची, मी इकडून फोनवर बोट आपटायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ती एकदा बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "आई, तू 'जेवलीस का' विचारायची तेव्हा मला राग यायचा. आता कुणी विचारत न्हाई." मी एकदा बोट आपटलं. आणखी काय करणार होते?

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. ग्रंथी गेली होती. धडधड थांबली होती. हात स्थिर होते. तरी काळजी होतीच. शांत छातीत बसून मी आवाजाची काळजी करत होते, लेकीची करत होते, शमुवेल मनातून अजून रागावलेला आहे का याची करत होते. आता ती जिच्यावर ढकलावी अशी ग्रंथीसुद्धा उरली नव्हती. ही काळजी अस्सल माझीच होती. मला लाज वाटली आणि थोडी सुटकाही, कारण आता देवाकडे नेमकं काय न्यायचं ते तरी माहीत झालं.

ग्रंथी काढली की रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. आत्याबाईंनी तिची जबाबदारी पुन्हा घेतली. शमुवेल समोर बसायचा. मी गिळेपर्यंत पेपर उघडायचा नाही. कित्येक दिवस असंच चाललं. मग एका सकाळी आत्याबाईंनी गोळी तळहातावर ठेवायच्या आधीच त्यानं पेपर उघडला आणि मला कळलं की आमच्यात आता ठीक आहे.

आत्याबाईंची प्रार्थना तीच. आजची दिलीस, उपकार हायेत. मी एकदा वहीवर लिहिलं, उद्याचीही मागून ठेवा की. प्रेरणा सुट्टीत आली होती, तिनं वाचून दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, "उद्याची उद्या मागू. उद्या त्याला बी काही काम पायजे."

०००

चार महिन्यांनी आवाज आला. पूर्वीचा नाही. खालच्या पट्टीतला, घोगरा, जरा बोललं की दमणारा. उपासनेत मी गाणं उचलायची, ते आता होत नाही. पाळकसाहेबांनी पुन्हा साक्ष द्यायला सांगितलं. मी आधी नको म्हणाले. मग उभी राहिले आणि एवढंच सांगितलं की मागच्या वेळी काळजी सोडली असं सांगितलं होतं, त्याच दिवशी गोळीही सोडली होती, ते सांगायचं राहिलं. आता गोळी चालू आहे.

आमेन लगेच आलं नाही. उपासना संपल्यावर मात्र मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले की त्यांनी साखरेच्या आजाराची गोळी दिवाळीपासून बंद केली आहे. त्यांच्यामागे आणखी एक ताई उभ्या होत्या. आत्याबाईंनी दोघांनाही तिथंच झाडाखाली उभं करून असं झापलं की मला मधे पडावं लागलं.

कामावर परत गेले तेव्हा साहेबांनी टेबलाचं काम देऊ केलं, बोलायचं नाही असं. गायकवाडताई इतके महिने माइक सांभाळत होत्या. मी म्हणाले, मला माझं काम द्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की गळ्यावर ताण नको, एक गोष्ट एकदाच बोला. ठरलं असं की मी एकदा पुकारायचं आणि दुसरी वेळ ताईंची.

पहिल्या दिवशी ताई डेपोत कागद द्यायला गेल्या होत्या आणि जळकोट गाडी फलाटाला लागली. समोरच्या बाकड्यावर एक म्हातारी पिशवीवर डोकं टेकून बसली होती. सकाळी तिनंच खिडकीत येऊन जळकोट गाडीचं विचारलं होतं. मी बटण दाबलं. "जळकोटमार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." आवाज घोगरा होता, शेवटी जरा फाटला. बटण सोडलं.

म्हातारी हलली नाही.

गळ्यात टोचत होतं. दुसऱ्यांदा बोलले असते तर दिवसाचं बोलणं तिथंच संपलं असतं. बोट बटणावरच होतं. मनात नेहमीचं सगळं सुरू झालं, तिला ऐकू गेलं नाही, तिची गाडी चुकणार, पुढची थेट दुपारी. मी बोट उचललं. सहज उचललं असं लिहिणार नाही, दुसऱ्या हातानं धरून उचललं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

म्हातारीनं पिशवी खांद्याला लावली आणि तीन नंबरकडे चालायला लागली.